तीनच रफार

"नसीमताई, यात 'आपले काय' असं लिहिलंय."

"काय?"

"हो, काय."

"अरे जगदीश, लिहिलंय काय ते सांग ना."

"तेच सांगतोय ताई. 'काय' लिहिलंय. 'आपले काय अपूव आहे. आपली कीती सवत्र पसरली आहे.' आणि पुढे एक शब्द आहे, तो मी बाईमाणसाला फोनवर वाचून दाखवू शकत नाही. 'त्यागाची' इथपर्यंत ठीक आहे."

मी माझ्या स्क्रीनवर बघितलं. 'आपले कार्य अपूर्व आहे. आपली कीर्ती सर्वत्र पसरली आहे. आपण त्यागाची मूर्ती आहात.' सगळं जागच्या जागी. मग लक्षात आलं की माझ्या पीडीएफमधले सगळे रफार कर्जतहून निघाले, पण खोपोलीला पोचले नाहीत.

कर्जतच्या बाजारात माझं डीटीपीचं दुकान आहे. डीटीपी म्हणजे कॉम्प्युटरवर अक्षरं जुळवून छपाईसाठी पान तयार करणं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, स्मरणिका, हॉटेलांची मेनूकार्डं, सगळं करते. जगदीश खालापूर तालुक्यातला, खोपोलीत त्याचं ट्रॉफी आणि पाट्यांचं दुकान आहे. पितळेवर अक्षरं कोरायचं मशिन त्याच्याकडे आहे. मी पान करायचं, त्याने कोरायचं, असं आमचं वर्षानुवर्षं चालतं.

हे काम होतं मानपत्राचं. कळंबच्या अलीकडचं एक गाव. नाव सांगत नाही, मला तिथली आणखी कामं हवी आहेत. त्या गावातल्या पार्वतीआक्का ग्रामपंचायतीच्या पाणी सोडणाऱ्या बाई. टेकडीवर टाकी आहे, प्रत्येक आळीच्या तोंडाशी एक व्हॉल्व्ह. रोज पहाटे लोखंडी चावी खांद्यावर टाकून आक्का निघायच्या आणि एकेक आळीचं पाणी सोडत, बंद करत गावभर फिरायच्या. आता त्या निवृत्त होत होत्या. गावाने पितळेचं मानपत्र करून टाकीच्या भिंतीवर बसवायचं ठरवलं होतं.

सत्काराची कल्पना सूर्यकांतदादांची. दादांचं गावात रिसॉर्ट आहे आणि ते सत्कार समितीचे कार्याध्यक्ष. आक्का निवृत्त होतायत याचा सगळ्यात जास्त आनंद त्यांनाच झाला होता, असं गावातले लोक म्हणत. कारण मला नंतर कळलं.

मजकूर लिहिला होता वैद्य सरांनी. सर मला शाळेत मराठी शिकवायचे. आता निवृत्त आहेत आणि तालुक्यातली निम्मी मानपत्रं लिहितात. मुख्याध्यापक असो, बँकेचा मॅनेजर असो की पैलवान, सरांच्या मानपत्रात प्रत्येकाचं कार्य अपूर्व असतं आणि कीर्ती सर्वत्र पसरलेली असते. मी जुनी फाईल उघडते, नाव बदलते आणि प्रिंट देते. आजवर कुणी तक्रार केलेली नाही.

जगदीशचा फोन आला तेव्हा सर प्रूफ बघायला माझ्यासमोरच बसले होते. मी फोन स्पीकरवर टाकला.

"सत्कार कुणाचा आहे, ताई?" जगदीशने विचारलं. "वर 'श्रीमती पावतीबाई' लिहिलंय."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

इथे थोडं समजावून सांगते. फॉन्ट म्हणजे अक्षरांच्या चित्रांचा डबा. आमचे जुने मराठी फॉन्ट असे आहेत की डब्यातल्या प्रत्येक कप्प्यात एक चित्र असतं. एका कप्प्यात क, एकात काना, एकात रफार. पीडीएफमध्ये हा डबा सोबत पाठवता येतो, त्याला एम्बेड करणं म्हणतात. डबा सोबत गेला तर जगात कुठेही पान तसंच दिसतं. नाही गेला तर समोरचा कॉम्प्युटर स्वतःकडचा त्यातल्या त्यात सारखा डबा उघडतो. जगदीशकडे माझ्याच फॉन्टचा जुना अवतार होता. बाकीचे कप्पे जुळले. रफाराचा कप्पा त्यात रिकामा होता.

मी फाईलच्या माहितीत जाऊन फॉन्टची यादी बघितली. नावापुढे 'एम्बेडेड' हा शब्द नव्हता. मी पुन्हा पीडीएफ केली, सगळे फॉन्ट सोबत घ्या असं सांगून. स्क्रीनवर सूचना आली की या फॉन्टला एम्बेड करण्याची परवानगी नाही. फॉन्ट बनवणारे कधीकधी आत अशी बंदी घालून ठेवतात. कॉम्प्युटर ती मुकाट पाळतो.

"मग आता?" सर म्हणाले.

"कर्व्ह करते."

यावर माझा फार भरवसा. कर्व्ह करणं म्हणजे अक्षरांचं अक्षरपण काढून घ्यायचं आणि त्यांच्या नुसत्या आकृत्या करायच्या. मग फॉन्टची गरजच उरत नाही. 'क' हा क नसतो, क सारखी दिसणारी रेघ असते. मी सगळा मजकूर कर्व्ह केला, पाठवला आणि सरांसाठी चहा सांगितला.

चहा संपायच्या आत जगदीशचा फोटो आला. त्याने पत्र्याच्या तुकड्यावर पहिल्या दोन ओळी कोरून बघितल्या होत्या. रफार सगळे आले होते. पण अक्षरं शेवया सांडल्यासारखी दिसत होती.

"ताई, मशिनची सुई अक्षराच्या दोन्ही कडांवरून फिरते," जगदीश म्हणाला. "मोठं अक्षर असेल तर चालतं. एवढ्याशा अक्षरात दोन रेघा एकमेकींत घुसतात. बारीक मजकुराला एका रेघेचा फॉन्ट लागतो. तो मशिनमध्ये आहे, मी त्यात घेतो. तुम्ही मजकूर तेवढा पाठवा."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही एवढा मजकूर आधी कधी पाठवलाय? 'उत्कृष्ट गोलंदाज' आणि खाली नाव. संपलं."

मी मजकूर पाठवला. या वेळी त्याने कोरण्याआधी स्क्रीनचा फोटो पाठवला. अक्षरं सुबक, एका रेघेची, अगदी हवी तशी. आणि वरती ठसठशीत, 'श्रीमती पावतीबाई'.

रफार पुन्हा गेले होते. या वेळी कारण वेगळं. मशिनच्या फॉन्टमध्ये रफार मुळातच नव्हता. ज्याने कुणी तो फॉन्ट बनवला, त्याने रफार उद्या करू म्हणून ठेवला असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी सत्कार होता. मांडव घालून झाला होता. दुसरीकडे काम देण्याइतका वेळ नव्हता. जगदीशला ती पाटी संध्याकाळच्या आत कोरायला घ्यायची होती.

"रफार हाताने काढता येतील का?" मी विचारलं.

"आकडीसारखी रेघ काढून अक्षरावर बसवावी लागेल. दोन-तीन असतील तर करतो. पण तुमच्या मजकुरात शब्द कमी आणि रफार जास्त आहेत. एखादा भलत्याच अक्षरावर बसला तर? पितळ आहे ताई, खोडता येत नाही."

"तीन देशील?"

"तीन. चौथा मागू नका."

मी फोन ठेवला. "सर, तीन रफार मिळालेत. बाकीचे शब्द बदलावे लागतील."

सर माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी पुन्हा नववीत गेले आहे आणि गृहपाठ आणलेला नाही. "नसीम, अगं, 'हार्दिक' काढलं तर ते मानपत्र कसलं? 'अर्पण' नाही, 'सार्थ' नाही, 'गौरवार्थ' नाही. मी लिहू कशाने?"

"आधी तीन कुठे द्यायचे ते ठरवू."

पहिला पार्वतीबाईंना. त्यात चर्चाच नव्हती. दुसऱ्याबद्दल मी म्हटलं, की तालुका लिहिला नाही तरी चालेल, पाटी त्याच गावात लागणार आहे. सर ऐकेनात. कजत लिहिणार नाही आणि कर्जत गाळणारही नाही, म्हणाले. दुसरा कर्जतला गेला. राहिला एक. आणि खाली नाव होतं, 'कार्याध्यक्ष सूर्यकांत'.

मी दादांना फोन लावला.

"दादा, तुमच्यासाठी एकच रफार उरलाय. नावाला देऊ की पदाला?"

"काय?"

दोन मिनिटं समजावून सांगितलं. दादा म्हणाले, "मग 'कार्याध्यक्ष'च्या ऐवजी नुसतं 'अध्यक्ष' करा."

"अध्यक्ष सरपंचबाई आहेत. त्यांचं नाव वरच्या ओळीत आहे."

सर खुर्चीत पुढे सरकले. त्यांच्या चेहऱ्यावर वेगळंच तेज आलं होतं. "सूर्यकांतराव, एक सुचवू का? रविकांत केलं तर? अर्थ तोच आहे."

"सर, माझं नाव आहे ते."

"किंवा भास्कर. भास्करही चांगलं दिसेल."

"सर."

"बरं, राहिलं."

दादांनी विचार केला. "नाव ठेवा," शेवटी म्हणाले. "पद काय, आज आहे उद्या नाही. पण मग मी तिथे कोण म्हणून?"

"सत्कार समितीतले एक," मी म्हटलं. त्यात रफार नव्हता, मी बघून घेतलं होतं.

त्यानंतर आम्ही मजकुराला बसलो. सर एक शब्द बोलायचे, मी मान हलवायचे, ते दुसरा शोधायचे. कर्तव्य गेलं, काम आलं. धैर्य गेलं, हिंमत आली. सर्वत्रच्या जागी सगळीकडे. थोड्या वेळात सरांना त्याची चटकच लागली. मी 'समितीतर्फे' टाईप केलं तर त्यांनी माझ्या हातावर पट्टीने मारल्यासारखं टेबलावर बोट आपटलं. "तर्फे. बघ नीट. 'समितीकडून' कर."

पण एक नवीनच अडचण निघाली. मोठे शब्द काढून टाकल्यावर मजकुरात काहीच राहिलं नव्हतं. 'आपलं काम चांगलं आहे. आपलं नाव सगळीकडे आहे.' हे पितळेवर कोरून भिंतीवर लावणं आम्हा दोघांनाही बरं वाटेना.

"ही बाई नक्की करते काय गं?" सरांनी विचारलं.

"पाणी सोडतात."

"ते झालं. पण कसं सोडते?"

ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. पुन्हा दादांना फोन. दादा आधी वैतागले. मग बोलायला लागले, आणि थांबेनात.

"कसं म्हणजे? कडक. डोंगराकडच्या वाडीला पहिलं पाणी, कारण ती उंचावर, मागून सोडलं तर चढत नाही. मग खालची आळी, मग आमची. आमच्या आळीत सगळे जमिनीवाले, पण आमचा नंबर शेवटचा. हातात घड्याळ नाही. हंडे भरल्याच्या आवाजावरून तिला कळतं. मुलीच्या लग्नाच्या दिवशी हळदीच्या हाताने व्हॉल्व्ह फिरवून गेली. मी मे महिन्यात रिसॉर्टच्या पोहण्याच्या तलावाला पाणी मागितलं. एक तास जास्त, इतकंच. दिलं नाही. मी ग्रामपंचायतीत गेलो, आमदारांच्या माणसाकडे गेलो. नाही दिलं. मला म्हणाली, वाडीत पोरं तहानलेली ठेवून तुझी गिऱ्हाईकं डुंबवू का. सगळ्या आळीसमोर म्हणाली."

सर भराभर लिहून घेत होते.

"हे घालू नका," दादा एकदम म्हणाले.

"वाडीचं घालतो. हळदीचं घालतो. तलावाचं नाही घालत."

"भांडणाचं काहीच नको. उलट 'पाण्यावरून कधी कुणाशी भांडली नाही' असं घाला. बरं दिसतं."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी शब्द तपासले. रफार नव्हता. आम्ही ती ओळ घातली.

संध्याकाळी जगदीशचा शेवटचा फोटो आला. पितळ चकचकीत. तीन रफार जागेवर. कर्जतचा जरा जास्तच मोठा झाला होता, कोयत्यासारखा, पण होता जागेवर. सर फोटो मोठा करून वाचत राहिले. 'आक्का, तुम्ही रोज पहाटे गावाला पाणी सोडलंत. डोंगराकडच्या वाडीला आधी, कारण ती उंचावर. मुलीच्या लग्नाच्या दिवशीही हळदीच्या हाताने पाणी सोडलंत. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही.'

"हे माझ्यासारखं वाटत नाही," सर म्हणाले. पण त्यांनी फोटो स्वतःच्या फोनवर घेतला.

सत्काराला मी सहसा जात नाही. या वेळी सर आणि मी दोघं रिक्षाने गेलो. टाकीखाली मांडव होता. आक्का खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या होत्या, मध्येच उठावं लागेल अशा बेताने. वाळकी, ताठ बाई. सरपंचबाईंनी शाल घातली, दादांनी पितळेची पाटी हातात दिली. सर वाचायला पुढे झाले.

"थांबा, मला वाचू द्या," आक्का म्हणाल्या. "माझं हाय ना?"

सरांनी माईक त्यांच्यापुढे धरला. आक्कांनी पाटी मांडीवर घेतली आणि बोट ठेवून वाचायला लागल्या. सावकाश, अडखळत, पण एकही शब्द न सोडता. वाडीचं वाचलं तेव्हा मागे उभ्या असलेल्या वाडीतल्या बायका हलल्या. हळदीचं वाचलं तेव्हा आक्का जरा थांबल्या, मुलीकडे बघितलं आणि पुढे गेल्या. मी पुष्कळ मानपत्रं केली आहेत, पण ज्याचं आहे त्याने पूर्ण वाचलेलं हे पहिलं.

मग बोट एका ओळीवर अडलं.

"'पाण्यावरून तुम्ही कधी कुणाशी भांडला नाहीत.'" त्यांनी वर बघितलं. "हे कुणी लिवलं?"

सर म्हणाले, "आम्ही लिहिलं, आक्का."

"खोटं हाय. भांडले मी. लय भांडले." बोट पाटीवरून उठलं आणि शेजारी उभ्या असलेल्या दादांकडे वळलं. "ह्याच्याशीच भांडले. ह्यानं पवायच्या तलावाला पानी मागितलं व्हतं. नाय दिलं."

मांडव हसला. आधी वाडीतल्या बायका, मग सगळेच. दादांचे कान लाल झाले. मला वाटलं आता हे निघून जातात. पण आक्कांना घालायचा हार अजून त्यांच्या हातात होता, आणि हार घेऊन माणसाला रागाने निघून जाता येत नाही.

"नाही दिलं हे खरं आहे," ते म्हणाले आणि त्यांनाही हसू आलं.

"मंग हे काढा."

"आक्का, पितळ आहे," मी पुढे होऊन सांगितलं. "कोरलेलं अक्षर काढता येत नाही."

"मंग खाली लिवा. जागा हाय की."

जागा होती. मजकूर सुटसुटीत झाल्याने खाली दोन बोटं पितळ कोरं राहिलं होतं. तिथेच मांडवात आक्कांनी ओळ सांगितली, सरांनी हातावर लिहून घेतली. 'पाण्यावरून भांडली. पाणी सगळ्यांना पोचलं.' सर बोटाने शब्द तपासत होते. मी म्हटलं, सर, ठीक आहे, एकही नाही.

पाटी त्या दिवशी भिंतीवर लागली नाही. ती परत खोपोलीला नेण्याचं काम दादांनी स्वतःकडे घेतलं. गाडीत ठेवताना ते हळूच आक्कांना म्हणाले, "आक्का, माझं नाव नको घालायला लावू त्या ओळीत."

"नाय घालत रं," आक्का म्हणाल्या. "सगळ्यांना ठाव हाय."

पुढच्या आठवड्यात पाटी भिंतीवर लागली. वैद्य सरांनी मानपत्रं लिहिणं सोडलेलं नाही. त्यांच्या मजकुरात हार्दिक आणि अपूर्व परत आले आहेत. मात्र आता लिहायच्या आधी ते एक-दोन फोन करतात, आणि त्यातला एक ज्याचा सत्कार आहे त्याच्या विरोधकाला असतो. माहिती तिथेच चांगली मिळते, असं त्यांचं म्हणणं आहे.

मी माझ्यापुरते दोन नियम केले. पीडीएफ बाहेर पाठवण्याआधी फॉन्टच्या यादीत 'एम्बेडेड' बघायचं, आणि समोरच्याला विचारायचं की हे छापणार आहेस की कोरणार आहेस. नव्या गिऱ्हाइकाला मी आणखी एक प्रश्न विचारते. ज्याच्याबद्दल लिहिलंय, त्याला दाखवलंय का? बहुतेकांना त्या प्रश्नाचा राग येतो.